रेडिओनं मूल वाचतं का?



गेल्या दोन व्याख्यानांत आपण ‘कारण’ या एका शब्दाभोवती बराच वेळ घुटमळलो. ह्यूम झाला, मिल झाला. एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली म्हणून ती तिचं कारण ठरते का, हे पाहून झालं. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं होतं, ‘सर, हे सगळं ठीक आहे, पण याचं करायचं काय?’ प्रश्न रास्त होता. म्हणून आज पुस्तकं मिटून ठेवू आणि इतिहासातलं एक प्रकरण उघडू. प्रकरण असं आहे : दूरच्या खेड्यात एक बाई रेडिओवर ऐकते, की मुलाला जुलाब होत असतील तर त्याचं पाणी तोडू नका, त्याला अमुक अमुक पाजा. ती पाजते. मूल जगतं. आता सांगा, ते रेडिओमुळे जगलं का? आणि ‘हो’ म्हणणार असाल, तर कशाच्या आधारावर?

सुरुवात १९७१ सालापासून करू. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेजवळ बनगाव नावाचं गाव आहे. तिथल्या छावणीत पटकी पसरली. कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले, तेव्हा रुग्णालयातल्या लहानशा जागेत माणसं जमिनीवर, एकमेकांच्या घाणीत पडलेली होती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, ते लावणारे हातही पुरेसे नव्हते. महालनबीसांनी काय केलं, तर पिंपांमध्ये मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी तयार करवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पेल्यानं पाजत राहा. शास्त्र आधीच माहीत होतं. ग्लुकोज बरोबर असलं, की आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, जुलाब चालू असले तरी. ढाका आणि कलकत्ता इथल्या डॉक्टरांनी साठच्या दशकात ते रुग्णांवर तपासलंही होतं. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, हजारो माणसांना, आयाबहिणींच्या हातून हे देता येईल यावर वैद्यकाचा विश्वास नव्हता. छावण्यांत शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. या उपचाराखाली ते प्रमाण चारच्याही खाली आलं.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. निदान २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. पण त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. हे पाणी कसं बनवायचं याची पत्रकं सीमेवर वाटली गेली आणि बांगलादेशाच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरून ती कृती प्रक्षेपितही झाली. म्हणजे बघा, आपण जिला जलसंजीवनी म्हणतो ती आणि रेडिओ, यांचं नातं अगदी जन्मापासूनचं आहे. आणि ते योगायोगानं जुळलेलं नाही. लहान मूल जुलाबांनी एका दिवसात कोमेजतं. दवाखाना दहा कोस लांब असेल, तर उपचार घरात पोचायला हवा. आणि मीठ, साखर, पाणी हे तर घरात असतंच. नसते ती कृती. ती मात्र हवेतून पाठवता येते.

इथवर सगळं सरळ वाटतं. कृती पाठवा, मुलं वाचवा. आता पुढचं बघा.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर तिथे ‘ब्रॅक’ ही संस्था उभी राहिली. १९८० ते १९९० या दहा वर्षांत या संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगाव, घरोघर हिंडल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या बायकांना एक कृती शिकवली : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. ‘लोबोन-गुड’ म्हणतात तिकडे. साखर नाही, गूळ, कारण घरात असतो तो गूळ. तराजू नाही, चमचा नाही, मापं आपल्या हाताची. धोका फक्त मिठाचा. मीठ जास्त पडलं तर पाणी औषध न राहता अपाय करतं. म्हणून शिकवून झाल्यावर काही दिवसांनी देखरेख करणारा वेगळाच माणूस त्या गावात यायचा, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही घरं निवडायचा, बाईला म्हणायचा, ‘करून दाखवा.’ नमुना तपासणीला जायचा. आणि बाईंना किती आठवतं, पाणी किती बरोबर जमतं, त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. मी आयुष्यभर मास्तरकी केली. विद्यार्थ्याला किती आलं त्यावर आपला पगार ठरला असता तर काय झालं असतं, हा विचार मी इथेच सोडून देतो.

बायकांना कृती आली. पाणीही चोख व्हायला लागलं. आणि मग संस्थेनं तपासलं, की मुलाला प्रत्यक्ष जुलाब झाले तेव्हा किती जणींनी ते दिलं? फारच थोड्या घरांनी. येतं सगळ्यांना, करत कुणीच नाही! सॉक्रेटिसापासूनचा आमचा जुना प्रश्न आहे हा. कळलं असताना माणूस तसं वागत का नाही? सॉक्रेटिस म्हणायचा, वागत नाही म्हणजे त्याला नीट कळलेलंच नाही. मला तो युक्तिवाद नेहमी थोडा हट्टी वाटत आला आहे. पण या बाबतीत, गंमत अशी, की म्हातारा काही अंशी बरोबर निघाला.

त्यांनी गावात बसून ऐकायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं, की गावात जुलाब ही एक गोष्ट नव्हतीच. चार होत्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं वेगळं, त्याला ‘दूध हागा’ म्हणत. अपचनाचं ‘अजीर्ण’ वेगळं. आव पडते ती ‘आमाशा’ वेगळी. आणि माणूस मरतो अशी जी पटकीसारखी, ती तेवढी ‘डायरिया’. कार्यकर्त्या सांगत होत्या, ‘डायरिया झाला की हे पाणी द्या.’ बायकांनी ते तंतोतंत ऐकलं होतं. मुलाला दूध हागा झाला होता, डायरिया नाही. मग कशाला द्यायचं? यात अज्ञान कुठे आहे? आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? दात येतानाचे जुलाब निराळे, आव निराळी, दृष्ट लागून झालेलं निराळं, आणि प्रत्येकाला वेगळा उपाय. आजीला विचारा. सांगणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याचा शब्द एकच होता, फक्त त्यांचे अर्थ वेगळे होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे शिकवायला मला दोन तास लागायचे.

दुसरी अडचण आणखी बोलकी होती. शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचा स्वतःचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. आणि बायकांना हे दिसतं हो. बोलण्यातून कळतं. मग कार्यकर्त्यांना आतड्यात नेमकं काय होतं ते नीट समजावून दिलं गेलं, आणि स्वतः आजारी पडाल तेव्हा हेच प्यायचं असं ठरलं. तिसरी अडचण पुरुषांची. घरातल्या बाईला शिकवलं, पण नवऱ्याला आणि सासऱ्याला ‘चिमूटभर मिठानं काय होतंय’ असं वाटत असेल, तर ती बाई ते पाणी देणार कशी? म्हणून बाजारात, शाळांत, मशिदींमध्ये पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. आणि इथे रेडिओ आणि दूरदर्शन आले. हा क्रम लक्षात ठेवा. रेडिओनं नवीन काहीच सांगितलं नाही. अनोळखी बाईनं ओसरीवर बसून जे सांगितलं होतं, तेच बाहेरच्या मोठ्या जगानं पुन्हा म्हटलं. त्या म्हणण्यामुळे ते खरं ठरलं नाही, पण घरात बोलता येण्याजोगं झालं. पुढे तयार पुड्या आल्या, दुकानादुकानात मिळू लागल्या. आज बांगलादेशात जुलाब झालेल्या दर चार मुलांपैकी तीनहून अधिकांना हे पाणी मिळतं. भारतात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण चारात एक होतं, २०१५-१६ मध्ये दोनात एक झालं. शोध कलकत्त्याच्या डॉक्टरांच्या हातून आपल्या भूमीवर सिद्ध झाला होता, हे विसरू नका.

त्याच सुमारास इतरत्रही खूप चाललं होतं, ते धावतं सांगतो. आफ्रिकेतल्या गॅम्बियात लिहिता-वाचता येणाऱ्या बायका फार थोड्या. तिथे रंगीत चित्रांचं पत्रक वाटलं आणि रेडिओवरचा निवेदक सांगायचा, आता अमुक रंगावर बोट ठेवा, तिथे काय दिसतं ते पाहा. माप काय, तर सगळीकडे मिळणाऱ्या सरबताच्या बाटलीचं : तीन बाटल्या पाणी, बाटलीची आठ बुचं साखर, एक बूच मीठ. गावोगाव स्पर्धा घेतल्या. बरोबर करून दाखवणाऱ्या बाईला प्लॅस्टिकचा पेला, आणि त्यांतूनच रेडिओवर सोडत काढून काहींना रेडिओ. इजिप्तनं दूरदर्शनचा रस्ता धरला. सिनेमातली आईच्या भूमिकांमुळे घराघरांत ओळखीची असलेली अभिनेत्री करीमा मुख्तार पडद्यावर पाणी कालवून दाखवायची. तिथल्या लोकांच्या पेल्याला बेतशीर पुडीही छोटी केली, २०० मिलिलिटरची. इजिप्तमध्ये त्या दशकात बालमृत्यू झपाट्यानं घटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण आपण टाळ्या वाजवायला जमलेलो नाही. त्या दशकात इजिप्तमध्ये रस्तेही झाले, नळही आले, मुलीही शाळेत गेल्या, लसी आल्या. यातलं श्रेय दूरदर्शनला किती द्यायचं? मिलनं सांगितलेली फरकाची पद्धत आठवा : दोन प्रसंग घ्या, सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी. इजिप्त दोन नव्हते. रेडिओचं हेच दुखणं आहे. औषध एकाला देता येतं आणि शेजारच्याला न देता येतं. रेडिओची लाट शेजारच्या गावाच्या वेशीवर थांबत नाही.

थांबवण्याचा, निदान तशी तुलना करण्याचा एक जुना प्रयत्न कुठे झाला, सांगू? इथे, आपल्याकडे. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ऐकणाऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस. विषय शेतीचे आणि गावाच्या इतर प्रश्नांचे. संध्याकाळी वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, मग चर्चा करायची, आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जायचे. त्याचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं, आणि त्याचे प्रमुख होते पॉल न्यूरथ. हे नाव ऐकून तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे कान टवकारले पाहिजेत. व्हिएन्ना वर्तुळातल्या ओटो न्यूरथचा हा मुलगा. बापानं सांगितलं होतं, की आपण भर समुद्रातच जहाज दुरुस्त करणारे खलाशी आहोत, गोदीत नेऊन ते पहिल्यापासून बांधायची सोय आपल्याला नाही. शिवाय निरक्षरांनाही आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची भाषा तयार केली होती. मुलगा दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत सुटला, अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ झाला आणि पंचावन्न-छप्पन साली महाराष्ट्रातल्या खेड्यांत माणसं रेडिओ ऐकून काय करतात ते मोजत होता.

न्यूरथनं तीन तऱ्हेची गावं घेतली. मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नसलेली. निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंडळाच्या गावांत माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी, रेडिओ नसलेल्या गावांपेक्षा काही फार मोठा फरक नाही. ऐकून चालत नाही, ऐकल्यावर बोलावं लागतं. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेली, मंडळांची संख्या काही हजारांवर गेली, आणि मग ती हळूहळू विझली. हातात मावणारा ट्रान्झिस्टर आला, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा भोंगा गेला, एकत्र ऐकणं संपलं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो : त्या मंडळांत बसायचे ते बहुतेक पुरुषच. मुलाला पाजणारी बाई तेव्हा चुलीपुढे होती.

आता छप्पन वर्षं पुढे येऊ, पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात. का तिथेच? कारण रेडिओची लाट वेशीवर थांबवायची युक्ती तिथे सापडली. या देशात गावाकडचे लोक ऐकतात ती छोटी स्थानिक एफएम केंद्रं. त्यांचा पल्ला मर्यादित, भाषा त्या त्या भागाची. म्हणजे प्रत्येक केंद्र हे एक बेट. डेव्हलपमेंट मीडिया इंटरनॅशनल ही संस्था आणि लंडनची आरोग्यशास्त्र संस्था यांनी अशी चौदा बेटं निवडली. सातांवर मोहीम, सातांवर नाही. कुठे ते दैवावर सोडलं, म्हणजे सोडत काढली. मार्च २०१२ ते जानेवारी २०१५, पस्तीस महिने. एका मिनिटाची छोटी नाट्यं दिवसातून दहाएक वेळा, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी दोन तासांचा लोकांनी भाग घ्यायचा कार्यक्रम. विषय हिवताप, न्यूमोनिया, जुलाब, स्तनपान, दवाखान्यात बाळंतपण. लोक ते विसरले असतील असं म्हणायची सोय नव्हती. मधल्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश बायकांनी हे कार्यक्रम ओळखले.

आणि शेवटी मोजलं. मोहीम नसलेल्या भागांत पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू दर हजारी ९३ वरून ५८ च्या आसपास आले. मोहीम असलेल्या भागांत १२५ वरून ८५ वर. दोन्हीकडे घट. फरक शून्य.

थांबा. लगेच ‘बघा, रेडिओचा उपयोग नाही’ म्हणू नका. त्याच तीन वर्षांतली सरकारी दवाखान्यांची नोंदणी काढली, तर मोहिमेच्या भागांत पाच वर्षांखालच्या मुलांना दाखवायला आणण्याचं प्रमाण पहिल्या वर्षी ३५ टक्क्यांनी जास्त होतं, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी १६. हे काही आयांना विचारून मिळालेलं उत्तर नाही. आया बिचाऱ्या विचारणाऱ्याला बरं वाटेल ते सांगतात. ही दवाखान्याच्या वहीतली नावं आहेत. त्यावरून संशोधकांनी संगणकाच्या नमुन्यानं हिशेब मांडला, की पहिल्या वर्षी सुमारे दहा टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत पाच-सहा टक्के मृत्यू टळले असावेत.

म्हणजे मोजणी म्हणते फरक दिसत नाही, हिशेब म्हणतो मुलं वाचली. कोणाचं ऐकायचं? माझं मत सांगतो, तुम्ही वाद घाला. हा प्रयोग वीस टक्के घट असेल तर ती दिसावी अशा बेतानं आखला होता. चौदाच बेटं, त्यात दोन बाजू मुळातच असमान, मोहीम नसलेली बाजू आधीपासून बऱ्या स्थितीत. पाच-दहा टक्क्यांचा फरक या काट्यावर दिसणार नाही. वखारीतल्या लाकडाच्या काट्यावर सोनं तोलू गेलात तर काटा हलणार नाही, त्यावरून सोनं नाही असं ठरत नाही. पण मित्रहो, आहे असंही ठरत नाही! संगणकाचा हिशेब म्हणजे ‘दवाखान्यात आलेल्या मुलाला बरोबर औषध मिळालं असेल तर’ या ‘तर’वर उभी केलेली इमारत आहे. आया मुलांना घेऊन दवाखान्यात गेल्या, एवढं मी सिद्ध मानतो. रेडिओचं काम तिथे संपतं. पुढे औषध होतं का, नर्स जागेवर होती का, ते रेडिओच्या हातात नाही.

आणखी एक बारकावा आहे, मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. जी गोष्ट एकदा ठरवून करायची, म्हणजे तापलेल्या मुलाला उचलून दवाखान्यात न्यायचं, बाळंतपणाला जायचं, तिथे बदल दिसला. जी रोज करायची, म्हणजे हात धुणं, मुलाची शी उचलून संडासात टाकणं, तिथे जवळजवळ नाही. ॲरिस्टॉटल निश्चय आणि सवय वेगळ्या मानायचा, ते आठवा. शिवाय रोज साबणानं हात धुवायला साबण लागतो, पाणी लागतं. लांबून डोक्यावरून आणलेलं पाणी बाई हातावर ओतेल का, हा प्रश्न तिच्या मनाचा नाही, हंड्याचा आहे. अशा वेळी दिवसातून दहादा ‘हात धुवा’ म्हणणं म्हणजे पोर दगावलं तर ते तुझ्याच हातून, असं तिला दहादा ऐकवणं होतं. मोहिमा आखणारे याचा विचार फार कमी करतात.

एक तक्रार प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सात भागांना मुद्दाम ऐकवलं नाही, हे नीतीत बसतं का? आधीच उपयोग माहीत असता तर बसलं नसतं. माहीत नव्हता. पण ‘माहीत नाही’ हे किती काळ म्हणत राहायचं, याला सीमा हवी, असं मला वाटतं.

पुढे काय झालं, तेवढं सांगून थांबतो. संयोजक घड्याळ दाखवतायत. एप्रिल २०१६ मध्ये बुर्किना फासोच्या सरकारनं पाच वर्षांखालच्या मुलांचे उपचार मोफत केले. म्हणजे रेडिओनं आयांना ज्या दारापर्यंत आणलं होतं, तिथली फी गेली. त्याच संस्थेनं २०१६ ते २०१८ मध्ये दुसरा प्रयोग केला, या वेळी सोळा केंद्रांवर, कुटुंबनियोजनाचा. या वेळी मृत्यू नाही मोजले, वापर मोजला. आणि रेडिओ नसलेल्या काही बायकांना, त्यांच्या स्वतःच्या हातात, रेडिओ दिले. आधुनिक साधनं वापरणाऱ्या बायकांचं प्रमाण मोहिमेच्या भागांत जवळजवळ सहा टक्क्यांनी अधिक निघालं. हा फरक काट्यावर दिसला. रेडिओ कोणाच्या मालकीचा आहे आणि संध्याकाळी तो कोण लावतं, या प्रश्नांवर पुढच्या खेपेला बोलू. आता तुमचे प्रश्न.